उपवासकाळाची पोथी : फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणासंबंधीं एक विचार

१. उपवास या शब्दाचा अन्न न घेणें एवढाच अर्थ आज व्यवहारांत उरला आहे. मूळ अर्थ तसा नाहीं. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणें. शतपथब्राह्मणाच्या अगदीं आरंभीं याची उपपत्ति दिलेली आहे. यजमान उद्यां यज्ञ करणार हें जाणून देव आदल्या दिवशींच त्याच्या घरीं येऊन राहतात. पाहुण्यांनीं अन्न घेतलें नसतां यजमानानें आधीं जेवावें हें योग्य नव्हे, म्हणून तो अन्न वर्ज्य करतो. येथें जवळ राहणें हें मुख्य असून न जेवणें त्यापासून निघालें आहे. हा भेद ध्यानीं ठेवला म्हणजे ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि त्या काळांतील शास्त्रवाचन यांचा संबंध आमच्या वाचकांस सहज कळेल. त्या वाचनास मराठी भाषेंत जो ग्रंथ मिळाला तो कोणाच्या मागणीनें मिळाला, आणि पुढें तो कोणीं व कसा राखला, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. या काळाचें लॅटिन नांव ‘क्वाद्राजेसिमा’ म्हणजे ‘चाळिसावा’ असें आहे. त्याचें पोर्तुगीज रूप ‘क्वारेज्मा’, आणि गोव्याच्या कोंकणींत तेंच ‘करेज्म’ झालें. कपाळावर राख लावून घेण्याच्या बुधवारीं हा काळ सुरू होतो व पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवशीं संपतो. सरळ मोजणी केली तर दिवस ४६ भरतात. परंतु रविवार हा ख्रिस्ती मतें आनंदाचा वार असल्यामुळें मधले ६ रविवार उपवासांत धरीत नाहींत, व बाकी ४० राहतात. जुना नियम कडक होता. दिवसांतून एकदां जेवावें, मांस वर्ज्य करावें, आणि पूर्वीं तर अंडीं व दूधदुभतेंही सोडावें, अशी रीत होती. रोमच्या धर्मपीठानें १९६६ सालीं हे निर्बंध पुष्कळ सैल केले. तेव्हांपासून सक्तीचे पूर्ण उपवास राखेचा बुधवार व क्रूसारोहणाचा शुक्रवार या दोन दिवसांपुरते राहिले आहेत.

३. परंतु या काळांतील दुसरा नियम आमच्यासारख्या पोथ्या जमविणाऱ्यांस अधिक महत्त्वाचा वाटेल. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यानें आपल्या मठवासीयांकरितां जी नियमावली केली, तिच्या ४८ व्या प्रकरणांत अशी आज्ञा आहे कीं, उपवासकाळाच्या आरंभीं प्रत्येकास ग्रंथसंग्रहांतून एकेक पोथी द्यावी, आणि ती त्यानें पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मध्यें कांहीं न गाळतां वाचावी. वाचनाच्या वेळीं कोणी आळस करीत बसला आहे काय, हें पाहण्यास एकदोन वडील माणसांनीं मठांत फिरावें असेंही तेथें सांगितलें आहे. आमच्या पारायणाच्या नियमाहून हा नियम निराळा नाहीं. संकल्प करावा, ग्रंथ ठरवावा, मध्यें खंड पडूं देऊं नये, व अन्नाचा संयम ठेवावा. चातुर्मासांत वऱ्हाडच्या कोणत्याही खेड्यांत जें चालतें तेंच दूरच्या देशांतील मठांतही चालत होतें.

४. या नियमाच्या मुळाशीं शुभवर्तमानांतील एक कथा आहे. येशू ख्रिस्त अरण्यांत चाळीस दिवस उपाशी राहिला. त्यास भूक लागली तेव्हां सैतानानें येऊन सुचविलें कीं, या धोंड्यांच्या भाकरी कर. त्यावर ख्रिस्तानें उत्तर दिलें तें स्वतःचें नवें वचन नव्हे. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत, अनुवाद या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत, मनुष्य केवळ भाकरीनें जगत नसून देवाच्या मुखांतून निघणाऱ्या शब्दानें जगतो अशा आशयाचें जें वचन आहे, तें त्यानें सांगितलें. मूळ वचनाचा संदर्भही भुकेचाच आहे: इस्राएल लोक चाळीस वर्षें रानांत भटकत असतां त्यांस आकाशांतून मिळालेल्या मान्ना नांवाच्या अन्नाविषयीं तें बोललें गेलें. म्हणजे उपाशी मनुष्यानें आपल्या पूर्वजांच्या ग्रंथांतून शिदोरी काढली, असा हा प्रसंग आहे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीं ही कथा रोमच्या पद्धतीच्या सर्व देवळांत वाचतात. शास्त्र हेंच उपवासाचें अन्न, ही कल्पना तेथून आली.

५. आतां प्रश्न असा कीं, ज्यास लॅटिन येत नाहीं अशा मराठी ऐकणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यानें हें अन्न कोठून घ्यावें? शुभवर्तमानाचें मराठी भाषांतर छापून निघावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. श्रीरामपूर येथें विल्यम केरीच्या मंडळीनें मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं व संपूर्ण नवा करार १८११ सालीं प्रसिद्ध केला. गोव्यांत ख्रिस्ती धर्म पसरला त्यास तोंपर्यंत अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या मधल्या काळाची भूक ज्या ग्रंथानें भागविली तो फादर थॉमस स्टीफन्स याचें क्रिस्तपुराण होय.

६. स्टीफन्स हा इंग्रज. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन येथें सुमारें १५४९ सालीं त्याचा जन्म झाला. १५७५ सालीं रोममध्यें तो येशूसंघांत शिरला. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला, आणि पुढचीं चाळीस वर्षें त्यानें बहुतेक गोव्याच्या सासष्टी महालांत काढलीं. १६१९ सालीं तो तेथेंच वारला. ही सासष्टी मुंबईजवळच्या साष्टीहून निराळी, हें येथें सांगून ठेवणें बरें. १५६७ सालीं राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानानें या महालांतील देवळें पाडलीं. त्याच वर्षीं गोव्यांत भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनंतर हिंदूंच्या विधींवर व ग्रंथांवर निर्बंध आले. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच पाद्री मारले गेले. त्यानंतर तेथील गांवकरी पुढाऱ्यांस बोलावून ठार करण्यांत आलें. अशा रक्तानें भिजलेल्या भूमींत हा ग्रंथ लिहिला गेला. या गोष्टी बाजूस ठेवून त्याचा विचार करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

७. ग्रंथाचें निमित्त स्टीफन्सनें पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरांत सांगितलें आहे. (अध्यायास तो ‘अवस्वरु’ म्हणतो.) धर्मशिक्षणाच्या प्रसंगीं जमलेल्या मंडळींतून ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठला व पाद्रीस म्हणाला कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रश्न आमच्या मतें सर्व क्रिस्तपुराणाची किल्ली आहे. त्या ब्राह्मणानें धर्माविषयीं शंका काढली नाहीं, द्रव्य मागितलें नाहीं, सवलत मागितली नाहीं. त्यास धर्माचे प्रश्न व उत्तरें पाठ येत होतीं. त्यांनीं त्याचें पोट भरत नव्हतें. घरीं संध्याकाळीं दिवा लागल्यावर दहा माणसांनीं बसून जें ऐकावें, ज्यांत कथा आहे, ओवी आहे, थांबून अर्थ सांगण्यास जागा आहे, तें त्यास हवें होतें. मनुष्याचा धर्म बदलला तरी त्याची ऐकण्याची रीत बदलत नाहीं, हें त्या अनामिक ब्राह्मणानें पाद्रीस शिकविलें, आणि तें शिकून घेण्याइतका स्टीफन्स शहाणा होता.

८. १६१६ सालीं राशोल येथें हा ग्रंथ छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या पुढील आवृत्त्या झाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हातीं आलेली नाहीं. ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर आहेत. ओव्या सुमारें अकरा हजार भरतात. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तागमनाची वाट पाहणाऱ्या प्रवाद्यांपर्यंतचा जुन्या कराराचा कथाभाग आहे. दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र आहे. मान्नाची कथा पहिल्या भागाच्या कक्षेंतील आणि अरण्यांतील उपवासाची दुसऱ्या भागांतील. म्हणजे वर कलम ४ मध्यें सांगितलेली दोन टोकें एकाच पोथींत एकत्र बांधलीं गेलीं. ग्रंथाची भाषा मराठी आहे, परंतु ऐकणाऱ्यांस सुगम व्हावी म्हणून तींत कोंकणी शब्द मिसळलेले आहेत. मराठीची त्यानें केलेली स्तुति आमच्या वाचकांस शाळेच्या पुस्तकांपासून परिचित असल्यामुळें तिचा विस्तार येथें करीत नाहीं.

९. या मार्गानें पुढें इतरही गेले. एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्रीचें संत पीटरवरील पुराण १६२९ ते १६३४ या काळांत गोव्यांत छापलें गेलें. फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश या पाद्रीनें वसई-साष्टीकडील ख्रिस्ती लोकांसाठीं, त्यांच्या उत्तर कोंकणी बोलीस जवळ अशा मराठींत, ख्रिस्ताच्या यातना व मृत्यु यांवर १६५९ च्या सुमारास एक पुराण रचलें. उपवासकाळाचा शेवटचा आठवडा ज्या प्रसंगांच्या स्मरणांत घालवितात, तोच या दुसऱ्या ग्रंथाचा विषय आहे. यांवरून सासष्टींतील त्या ब्राह्मणाची मागणी एकट्याची नव्हती असें दिसतें.

१०. आतां लिपीसंबंधीं. स्टीफन्सच्या मनांत या देशाच्या भाषेचे ग्रंथ या देशाच्याच अक्षरांत छापावे असें होतें. १६०८ सालीं आपल्या संघाच्या मुख्याधिपतीस लिहिलेल्या पत्रांत त्यानें ही इच्छा कळविली आहे. अडचण अशी कीं, जोडाक्षरें धरून सुमारें ६०० ठसे ओतावे लागतात. ते २०० पर्यंत आणतां येतील असा त्याचा अदमास होता. ती इच्छा पुरी झाली नाहीं व ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. त्यामुळें आमच्या संग्राहकांच्या दृष्टीस तो परका वाटतो. वस्तुतः ही लिपी वाचण्यास फार श्रम पडत नाहींत. ‘ण’साठीं रोमन ‘एन’ दोनदां, ‘ळ’साठीं ‘एल’ दोनदां, ‘ट’ व ‘ड’साठीं ‘टी’ व ‘डी’ दोनदां लिहितात. ‘श’ व ‘ष’साठीं ‘एक्स’ येतो. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार बहुधा ‘एम’नें दाखवितात. एवढ्या पांच खुणा जाणल्या कीं, ज्यास आपण पोर्तुगीज कागद म्हणून बाजूस ठेवलें असतें, तो ओवीबद्ध मराठी ग्रंथ म्हणून बोलूं लागतो. मोठ्यानें वाचून पाहावें. चवथ्या चरणाशीं कान आपोआप थांबतो.

११. देवनागरींतही हा ग्रंथ उतरविला गेला होता. विल्यम मार्सडेन या इंग्रज पंडितानें १८३५ सालीं आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तो पुढें तेथील प्राच्यविद्येच्या शाळेकडे आला. त्यांत ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नांवांनीं या ग्रंथाची देवनागरी प्रत असल्याचें जस्टिन अॅबट यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. या प्रतींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजलेले दिसतात. मूळ रचना कोणत्या लिपींत झाली याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तो वाद येथें सोडविण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, या मजकुराची भाषा व छंद सांभाळण्यासाठीं निरनिराळ्या हातांनीं निरनिराळीं अक्षरें वापरलीं.

१२. येथें एक आक्षेप उभा राहतो, व तो आमच्याही मनांत आहे. ज्या सत्तेनें व्यासादिकांचीं पुराणें लोकांच्या घरांतून ओढून नेलीं, तिच्याच छत्राखालीं हें नवें पुराण वाढलें गेलें. ताटांतील भाकर काढून घेणारा व दुसरी भाकर वाढणारा हे एकाच पंक्तीचे. असा ग्रंथ मराठी सारस्वतानें आपला कां म्हणावा? आमचें उत्तर असें. अन्याय झाला तो नाकारूं नये, आणि तो करणाऱ्यांच्या हिशेबींच लिहावा. परंतु ग्रंथाचा मालक केवळ लिहिणारा किंवा त्याचा राजा नसतो; ज्यांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला तेही त्याचे धनी आहेत. सासष्टीचा शेतकरी मराठी ओवी कानीं पडतांच शांत होई, ही त्याची पूर्वार्जित संपत्ति होती. ती त्यास लिस्बनहून आलेली नव्हती. शिवाय इतिहासाची गति मोठी चमत्कारिक असते. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथसंग्रहांत रामायण-महाभारताच्या कथांचीं जुनीं कोंकणी व मराठी हस्तलिखितें रोमन अक्षरांत सांपडलीं आहेत, आणि १५२६ सालीं कृष्णदास शामा यानें आरंभिलेली श्रीकृष्णचरित्रकथाही तेथेंच मिळाली. भाषा शिकण्यासाठीं पाद्र्यांनीं हीं बाडें उतरवून घेतलीं होतीं. ज्यांनीं ग्रंथ नष्ट केले त्यांच्याच संग्रहांत कांहीं ग्रंथ टिकले. तेव्हां लिपी किंवा संग्रहाचा मालक पाहून पोथीची जात ठरवूं नये.

१३. क्रिस्तपुराणाचा पुढील प्रवास दुःखाचा आहे. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या विजरईनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. त्याच्या आदल्याच वर्षीं छत्रपति संभाजीमहाराजांची स्वारी गोव्यावर झाली होती. युद्ध, कर, दुष्काळ यांच्या योगें सतराव्या व अठराव्या शतकांत अनेक ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा प्रांतांत मंगळूरकडे जाऊन राहिलीं. गोव्यांत या पुराणाचा आश्रय तुटत गेला. मंगळूरकडे तें हातांनीं नकलून घरोघर राहिलें. हीं माणसें घरांत कोंकणी बोलत व पोथी मराठी वाचीत. गोव्याच्या हिंदु घरांतही रीत तीच होती. त्यामुळें यांत कोणास नवल वाटलें नसावें.

१४. आतां या लेखाच्या मुख्य प्रसंगाकडे वळूं. १७८४ सालीं टिपू सुलतानानें कानड्यांतील ख्रिस्ती लोकांस धरून घाट चढवून श्रीरंगपट्टणास नेलें. ते इंग्रजांस सामील होते असा त्याचा संशय होता. धरलेल्यांची संख्या निरनिराळे लेखक तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत देतात. धरपकडीचा दिवस बहुतेकांनीं ‘२४ फेब्रुवारी १७८४, राखेचा बुधवार’ असा दिला आहे. आम्हीं गणित करून पाहिलें. १७८४ सालीं पुनरुत्थानाचा रविवार ११ एप्रिलला येतो. तेथून मागें ४६ दिवस मोजले असतां राखेचा बुधवार २५ फेब्रुवारीस पडतो, व २४ फेब्रुवारी हा मंगळवार ठरतो. दोन्ही दिवस शके १७०५ च्या फाल्गुन शुद्ध पक्षांतील. तारीख राखावी तर वार सोडावा लागतो. वार राखावा तर तारीख एका दिवसानें पुढें न्यावी लागते. धरपकड मंगळवारीं सुरू होऊन बुधवारींही चालली असेल असेंही म्हणतां येईल. परंतु निवड करावयाचीच तर आमचा कल वाराकडे आहे. अशिक्षित समाजांत तारीख विसरली जाते, सणवार विसरला जात नाहीं. कपाळीं राख लावून घेण्यासाठीं निघालेल्या माणसांस शिपायांनीं धरलें, ही आठवण नातवंडांपर्यंत पोंचावी हें स्वाभाविक आहे. कसेंही असलें तरी, हा बंदिवास उपवासकाळाच्या तोंडावर सुरू झाला याविषयीं शंका नाहीं.

१५. हा बंदिवास ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडेपर्यंत टिकला. पुनरुत्थानाचा सण कोणत्याही वर्षीं २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाहीं. म्हणून पहिला व शेवटचा धरून सोळा उपवासकाळ या लोकांनीं बंदींत काढले, असा हिशेब होतो. पाद्र्यांस टिपूनें आधींच हद्दपार केलें होतें. कानड्यांतील देवळें पाडलीं होतीं. राख लावणारा नाहीं, मिस्सा करणारा नाहीं, पापांगीकार ऐकणारा नाहीं. उपवास मात्र न मागतां मिळे, कारण घाटांत व छावण्यांत अन्नाचाच तुटवडा होता. पुष्कळ मेले, पुष्कळांस धर्मांतर करावें लागलें, व परतले ते मूळ संख्येच्या मानानें थोडे. कानड्यांतील ख्रिस्ती परंपरा असें सांगते कीं, या वर्षांत ज्यांनीं धीर सोडला नाहीं त्यांस क्रिस्तपुराणाच्या ओव्यांचा आधार होता.

१६. परंपरेचें म्हणणें तपासल्यावांचून स्वीकारूं नये हा आमच्या मंडळींचा नियम आहे. तपासून पाहतां तें संभवनीय ठरतें. धर्मविधींस पुरोहित लागतो. पोथीस लागत नाहीं. पोथी वाचण्यास घरांतील एक जाणता पुरे, आणि पोथी नसली तरी ओवी तोंडपाठ असते. जातें, झोंपाळा, रात्रीचा पाहरा, कोठेंही ती म्हणतां येते. पहारेकऱ्यास तिच्यांत गुन्हा दिसत नाहीं. सासष्टींतील ब्राह्मणानें पुराण मागितलें तेव्हां त्याच्या मनांत फुरसतीचीं संध्याकाळचीं वाचनें असतील. त्याच्या मागणीचें खरें मोल पावणेदोनशें वर्षांनीं श्रीरंगपट्टणास कळलें. धर्माचीं सूत्रें पाठ करून राहिलेल्या समाजाजवळ या संकटांत फार थोडें उरलें असतें. अरण्यांतील चाळीस दिवसांची कथा, रानांत भटकणाऱ्या इस्राएलांची कथा, या त्यांस आतां दुसऱ्यांच्या कथा राहिल्या नाहींत. शास्त्रानें पोट भरतें म्हणजे काय, याचा इतका उघडा दाखला मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

१७. परतलेल्यांच्या घरीं पोथ्या पुन्हां उतरल्या. मंगळूरचे जोसेफ सालढाणा यांनीं त्या बाजूस मिळालेल्या हस्तलिखितांवरून १९०७ सालीं क्रिस्तपुराणाची रोमन लिपींतील आवृत्ति छापून काढली. पुढें शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली, व कॅरिदाद द्राग यांची १९९६ सालीं मुंबईस. छापील मूळ प्रती नाहींशा झाल्या असतां ग्रंथ जो आज आपल्यापुढें आहे, तो नकलकारांच्या हातांमुळें.

१८. वऱ्हाडाचा यांत काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला साम्याचा. आमच्या वलगांवापासून फार दूर नसलेलें रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र. तेथें म्हाइंभटानें तेराव्या शतकांत लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळादि सांकेतिक लिपींत उतरविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिपीची किल्ली संशोधकांच्या हातीं येईपर्यंत मराठीचें सर्वांत जुनें गद्य आपल्याच घरांत परकें होऊन पडलें होतें. गोमंतकी ख्रिस्ती लोकांची रोमन लिपी सांकेतिक नव्हती, परंतु आपल्यापुरता तिचा परिणाम तोच झाला. एका पंथानें पडदा मुद्दाम ओढला, दुसऱ्यावर तो ठसे न मिळाल्यामुळें पडला. दोन्ही पडद्यांमागें मराठी होती.

१९. दुसरा संबंध उलट प्रकारचा. वऱ्हाडांत व नागपुराकडे ख्रिस्ती मिशनें आलीं तीं एकोणिसाव्या शतकांत, छापील बायबल हातीं घेऊन. त्यामुळें येथील ख्रिस्ती घरांत हस्तलिखित पोथीची परंपरा पडलीच नाहीं. तथापि ओवीची भूक येथेंही होती. नारायण वामन टिळक नागपुराकडे असतांना आगगाडींत मिळालेल्या नव्या कराराच्या वाचनानें ख्रिस्ताकडे वळले व १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर कांहीं वर्षांनीं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहूं लागले. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें व १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. हातांत छापील शास्त्र असतांही त्यांस पुराणाचा घाटच हवासा वाटला. भाकरी आणि शब्द यांचा मेळ आमच्या भागास नवा नाहीं. ज्यांचा अंत २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवाजवळ पेढी नदीच्या कांठीं झाला, त्या गाडगे महाराजांनीं जन्मभर भुकेल्यास अन्न व रात्रीं कीर्तन, हा एकच क्रम चालविला.

२०. शेवटीं संग्राहकांस विनंति. कोंकण, गोवा, बेळगांव, कारवार या बाजूचीं बाडें कोणाच्या संग्रहीं असतील तर रोमन अक्षरांचे कागद वेगळे काढून कलम १० मधील पांच खुणा लावून पाहाव्या. पोथी सांपडल्यास केवळ आदि व अंत पाहून थांबूं नये. गुरुचरित्राच्या पोथींत चौदावा व अठरावा अध्याय, शिवलीलामृतांत अकरावा, या पानांच्या कडा इतर पानांहून अधिक मळलेल्या असतात हें आम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. नित्य वाचनाची तीच साक्ष. क्रिस्तपुराणाच्या पोथींतही अरण्यांतील उपवासाचीं व यातनांचीं पानें तशीं आहेत काय हें पाहावें, मेणाचे व तेलाचे डाग कोठें आहेत याची टिपणी करावी, समासांत वार किंवा सण लिहिला असल्यास तो जशाचा तसा उतरून घ्यावा. पुष्पिकेंत नकलेचा महिना दिला असेल तर तो उपवासकाळांत पडतो किंवा कसें याचें गणित कलम १४ मध्यें दाखविल्याप्रमाणें करतां येईल. अशा दहापांच पोथ्यांच्या नोंदी एकत्र झाल्या तरी कानड्यांतील परंपरेच्या म्हणण्यास कागदाचा आधार आहे कीं नाहीं हें ठरेल. वाळवी व दमट हवा लिपी पाहत नाहींत. म्हणून हें काम लवकर व्हावें.